स्कॉटलंडचे गड, बेटे आणि ओस पडलेली गावे

गडाचे नाव काढले की मराठी माणसाचे कान टवकारतात. पोराला शिवनेरी दाखवावी, नव्या जोडप्याने जेजुरीचा गड चढावा, पावसाळा सरला की चार सोबती जमवून रायगडाची वाट धरावी, ही आपली जुनी रीत. आज तुम्हाला जरा लांबच्या गडांवर न्यायचे आहे. चपला काढून निवांत बसा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही जवळ बोलवा, कारण या गोष्टीत गड आहेत, समुद्र आहे, गुरे-मेंढरे आहेत आणि जमिनीचे भांडणही आहे.

स्कॉटलंड म्हणजे ग्रेट ब्रिटनचा उत्तरेकडचा मुलूख. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथा हिस्सा. वस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढी. पण गड मात्र जिकडेतिकडे, आणि भोवतालच्या समुद्रात लहानमोठी मिळून सुमारे आठशे बेटे. त्यांतल्या शंभराच्या आसपास बेटांवरच माणसे राहतात.

तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडच्या त्या मुलखाशी आपला काय संबंध? संबंध आहे. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडचा. त्याच्यानंतर गव्हर्नर झालेला जॉन माल्कम, ज्याच्या नावाने महाबळेश्वरात माल्कमपेठ वसली, तोही तिकडचाच. साताऱ्याला प्रतापसिंह छत्रपतींच्या दरबारी राहिलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ, तोही स्कॉटलंडचाच. गोऱ्या साहेबांना आपण सरसकट इंग्रज म्हणत आलो, पण त्यांतले कितीतरी या डोंगराळ मुलखाचे होते. आणि याच साहेबांच्या मुलखात गरीब शेतकऱ्यांची काय गत झाली होती, ते पाहिले म्हणजे मन थक्क होते.

वाटेला लागण्याआधी

ही सफर मोटारीनेच करावी. तिकडे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, आणि आपला भारतातला परवाना तिथे पहिले बारा महिने चालतो. शहरांकडचे रस्ते रुंद आहेत. पण उत्तरेला आणि बेटांवर गेलात की एकाच गाडीपुरती सडक लागते. दर थोड्या अंतरावर बाजूला एक फुगीर जागा केलेली असते आणि तिथे पाटी असते. समोरून गाडी आली की ज्याला ती जागा जवळ असेल त्याने थांबायचे, दुसऱ्याने हात वर करून पुढे जायचे. भांडण नाही, कर्णा नाही. आणि मेंढ्या? त्या रस्त्यावर खुशाल बसलेल्या असतात. अशा वेळी मोटारवाल्यानेच दम धरायचा.

बेटावर जायचे तर गाडी मोठ्या बोटीत चढवावी लागते. उन्हाळ्यात या बोटींना गर्दी असते, म्हणून जागा आधीच राखून ठेवलेली बरी. मे आणि जून हे उत्तम महिने. त्या दिवसांत रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. पौषाच्या दिवसांत मात्र दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येते. पाऊस बारमाही, आणि पश्चिमेला तर आपल्या कोकणासारखा. छत्री वाऱ्याने उलटी होते, तेव्हा चांगले इरले समजून रेनकोटच घ्यावा. उन्हाळ्यात एक बारीक चिलट अंगाला झोंबते, त्याचीही तयारी ठेवावी.

एडिंबरो : रात्रीत चढलेला गड

सुरुवात राजधानीपासून. एडिंबरो शहराच्या ऐन मध्यावर काळ्या कातळाचा एक सुळका उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या तोंडात गोठलेला हा दगड. त्याच्या माथ्यावर किल्ला. तीन बाजूंनी तुटलेले कडे आणि एका बाजूने उतरती सोंड, अशी जागा. आपल्या गडकऱ्यांनीही हीच निवडली असती.

या किल्ल्याची एक गोष्ट ऐका. १३१४ सालच्या मार्च महिन्यात किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा भाचा टॉमस रँडॉल्फ याने तीसेक माणसे निवडली. कड्याची वाट ठाऊक असलेला एक माणूस सोबत घेतला आणि रात्रीच्या काळोखात उभा कातळ चढून किल्ला मारला. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांनी केले तेच हे काम, साडेतीनशे वर्षे आधी! ब्रूसने पुढे काय केले, तर किल्ल्याचे तट पाडून टाकले. शत्रूने पुन्हा घेतला तरी त्याच्या उपयोगी पडू नये, हा हिशेब.

किल्ल्यावर मॉन्स मेग नावाची तोफ आहे. आजच्या बेल्जियममध्ये १४४९ साली घडवलेली, वजन सुमारे सहा टन. दीडशे किलोचा दगडी गोळा ती फेकत असे. तेव्हाच्या अहमदनगरला १५४९ साली ओतलेली आणि आता विजापुरात असलेली मुलूखमैदान तोफ पन्नास टनांहून जड आहे, हे आठवले की आपल्या कारागिरांचे कौतुक वाटते. रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता किल्ल्यावर आजही तोफ डागतात. १८६१ पासूनची ही चाल. खाली बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावे म्हणून ती सुरू झाली.

एडिंबरोहून तास-सव्वा तासाच्या वाटेवर स्टर्लिंगचा किल्ला. उत्तरेच्या डोंगरी मुलखाची ही किल्ली. १२९७ साली विल्यम वॉलेसने इथल्या अरुंद लाकडी पुलापाशी इंग्रज फौज गाठली. अर्धी फौज पूल ओलांडून आली तोवर तो थांबला, आणि मग तुटून पडला. उरलेली अर्धी फौज पलीकडून नुसती बघत राहिली. थोडी माणसे आणि अडचणीची जागा यांचा मेळ घालणे आपल्याला नवे नाही. १३१४ च्या जून महिन्यात शेजारच्या बॅनॉकबर्न इथे ब्रूसने इंग्रज राजाचा मोठा पराभव केला.

मल बेट आणि मुंबईचा पैसा

स्टर्लिंगहून पश्चिमेला ओबान नावाचे बंदर आहे. तिथून पाऊण-एक तासाच्या बोटीने मल बेटावर उतरता येते. नाव ऐकून हसू नका, आपल्याकडचा अर्थ तिकडे नाही. बोट बेटाजवळ येते तेव्हा टोकावरचा डुआर्टचा किल्ला समोर दिसतो. मॅक्लीन घराण्याचा हा गड. पुष्कळ वर्षे पडीक होता, तो १९११ साली त्याच घराण्याच्या प्रमुखाने विकत घेऊन पुन्हा उभा केला.

इथे एक शब्द समजून घ्या. तिकडच्या डोंगरी मुलखात एका आडनावाची माणसे एका सरदाराच्या पाठीशी असत. त्याला ते क्लॅन म्हणतात. आपण भावकी म्हणू. मॅक्लीनांची भावकी, मॅक्लाउडांची भावकी, मॅकडोनल्डांची भावकी. सरदार लढाईला बोलावी, भावकी तलवार घेऊन जाई. बदल्यात सरदाराने भावकीला जमीन कसायला द्यायची आणि अडीअडचणीत सांभाळायचे. कागदावर काही नसे, पण जमीन आपल्या सर्वांची, अशीच लोकांची समजूत होती.

मल बेटावर ग्रुलिन नावाच्या जागी लॅकलन मॅक्वारी याची समाधी आहे. हा शेजारच्या अल्वा बेटाच्या घराण्यातला. बापाची परिस्थिती बेताची. त्याच्या घराण्याच्या सरदाराला कर्जापायी १७७७ साली अल्वा बेट विकावे लागले होते. मॅक्वारी पलटणीत शिरला आणि १७८८ साली मुंबईत आला. १७९३ साली मुंबईतच त्याने जेन जार्व्हिस हिच्याशी लग्न केले. ती तीनच वर्षांत वारली आणि मुंबईतच तिला पुरले. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईतही तो होता. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातून त्याने मल बेटावर जमीन घेतली आणि गेलेल्या बायकोच्या आठवणीने तिला जार्व्हिसफील्ड असे नाव दिले. पुढे १८१० ते १८२१ पर्यंत तो ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. मुंबईच्या पलटणीतला पगार आणि लुटीचा वाटा तिकडच्या माळरानात असा जिरला.

अल्वा : सहाशेंचे गाव, अर्ध्या डझनावर आले

मल बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला अल्वा अगदी खेटून आहे. मधे चिंचोळी खाडी. पैलतीरावरची होडी बोलवायची तर एक फळी सरकवायची, म्हणजे खालचा लाल रंग उघडा पडतो आणि नावाडी येतो. बेटावर डांबरी सडक नाही. पायी हिंडायचे.

हिंडताना बिनछपराच्या दगडी भिंती दिसतात. एक, दोन, दहा, बारा. वाड्याच नव्हे, आख्खी गावे. १८३७ च्या सुमारास या बेटावर सहाशेवर माणसे होती. बटाटा आणि ओट पिकवत, गुरे पाळत, आणि किनाऱ्यावरचे समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकत. साबण आणि काच करायला ती राख लागत असे. नेपोलियनची लढाई संपली, बाहेरचा स्वस्त माल येऊ लागला आणि राखेचा भाव कोसळला. १८४६ साली बटाट्यावर करपा पडला. हातातोंडाशी आलेले पीक जमिनीतच कुजले. बेट त्या वेळी क्लार्क नावाच्या एका वकिलाच्या मालकीचे होते. त्याने १८३५ मध्ये ते विकत घेतले होते. खंड येईना, तेव्हा त्याने माणसे काढून मेंढ्या ठेवायचे ठरवले. पाच-सहा वर्षांत दोन-तृतीयांश लोक बेटावरून हुसकावले गेले. माणसे परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरे उतरवली.

२०१८ साल उजाडले तेव्हा बेटावर जेमतेम अर्धा डझन माणसे उरली होती. त्याच्या आदल्या वर्षी बेट विकायला निघाले होते. पण स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गावकऱ्यांना असा हक्क दिला आहे, की जमीन विकायला निघाली तर गावाची संस्था ती पहिल्यांदा घेऊ शकते. मल बेटाच्या वायव्य भागातल्या लोकांची जंगल सांभाळणारी एक संस्था होती. ती पुढे झाली. किंमत साडेशेहेचाळीस लाख पौंड. त्यातला बहुतेक पैसा सरकारच्या जमीन निधीने दिला, आणि जून २०१८ मध्ये अल्वा बेट लोकांचे झाले. आता तिथे जुनी घरे नीट करून पुन्हा बिऱ्हाडे बसवण्याचे काम चालले आहे. ज्या बेटावरून मेंढ्यांसाठी माणसे काढली, त्याच बेटावर माणसे परत आणायची खटपट, असा हा दिवस फिरला.

सह्याद्रीचा चुलतभाऊ

मलहून दोन जागा जरूर पाहा. एक आयोना बेट. ५६३ साली कोलंबा नावाचा साधू आयर्लंडहून इथे आला आणि त्याने मठ बांधला. उत्तरेत ख्रिस्ती धर्म पसरला तो इथून. पाहुण्यांनी तिथे मोटार न्यायची नाही, म्हणून अजूनही शांतता आहे.

दुसरी जागा स्टॅफा नावाचे बेट. समुद्रातून सहा कोनी दगडी खांब शेजारी शेजारी उभे आहेत, जणू कोणी घडवून लावले. मधे एक मोठी गुहा, आत समुद्र घुमतो. हे खांब कोणी घडवले नाहीत. लाव्हा रस थंड होताना आकसला आणि त्याला असे तडे गेले. हाच काळा बसाल्ट आपल्या सह्याद्रीचा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथे असेच खांब उभे आहेत. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तिकडचा साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून स्काय बेटाच्या उत्तर भागातले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर पाहिले की आपल्याला माळशेज-नाणेघाटाची आठवण येते. फरक एवढाच, की तिथे झाडे कमी आणि वारा जास्त.

ग्लेनको ते मॅलेग

मलहून परत ओबानला येऊन उत्तरेची सडक धरा. वाटेत ग्लेनकोची खोल दरी लागते. ग्लेन म्हणजे दरी, बेन म्हणजे डोंगर, लॉख म्हणजे सरोवर किंवा खाडी, आयलन म्हणजे बेट आणि डन म्हणजे गड. गेलिक भाषेतले एवढे पाच शब्द पाठ केले की नकाशा अर्धा समजतो.

दरी फार सुंदर, पण तिचा इतिहास काळा. १६९२ साली सरकारी शिपाई इथल्या मॅकडोनल्डांच्या घरी पाहुणे म्हणून उतरले. बारा दिवस त्यांचे मीठ-भाकर खाल्ले. आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्याच यजमानांवर तलवार चालवली. अडतीस माणसे मारली गेली. जी डोंगरात पळाली त्यांतली कित्येक बर्फात गारठून मेली. लढाईत माणसे मरतात हे तिकडच्या लोकांनी सोसले होते, पण अन्न खाऊन केलेला घात ते आजवर विसरले नाहीत.

पुढे फोर्ट विल्यम, आणि तिथे बेन नेव्हिस डोंगर. ब्रिटनमधला सर्वांत उंच, १३४५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, हे पोरांना सांगा. पण बेन नेव्हिसच्या माथ्यावर उन्हाळ्यातही थंडी बोचते, तेव्हा उंचीवर जाऊ नका. तिथून पश्चिमेला ग्लेनफिनन. १७४५ साली राजपुत्र चार्ल्स याने गमावलेली गादी मिळवण्यासाठी इथे निशाण उभारले आणि कितीतरी भावक्या त्याच्या मागे गेल्या. शेजारीच रेल्वेचा एकवीस कमानींचा पूल आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरा झालेला.

सडक संपते ती मॅलेग बंदरात. इथून समोर एग नावाचे छोटे बेट दिसते. नुसते दिसते म्हणून पुढे जाऊ नका, त्याची हकिगत आपल्या कामाची आहे. या बेटाचे मालक बदलत गेले, आणि कुळांना उद्याचा भरवसा नसे. शेवटी १९९७ साली तिथल्या पाऊणशेही नसलेल्या रहिवाशांनी देशोदेशीच्या लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि बेटच विकत घेतले. मग २००८ साली त्यांनी पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर चालणारी स्वतःची वीज उभी केली. मुख्य भूमीची तार नाही. एका घराने एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त ओढायची नाही, हा नियम सर्वांनी मिळून केला आणि सर्व जण पाळतात. भारनियमनाने रात्री मोटार चालू करायला उठणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

स्काय : गायरानाचे भांडण

मॅलेगहून बोटीने स्काय बेटावर जाता येते. १९९५ पासून दुसऱ्या टोकाला पूलही झाला आहे. बेट मोठे आहे, दोन-तीन दिवस हवेतच. किलमुअर इथे जुनी गवती छपराची घरे जतन करून ठेवली आहेत. दोन-अडीच हात जाड दगडी भिंती, छपराला वाऱ्याने उडू नये म्हणून दोर आणि दोराला लटकवलेले धोंडे. असल्या जुन्या घरांत एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला गुरे असत. चूल मधोमध जमिनीवर आणि धुराडे नाही. आत धूर कोंडून सगळे काळे व्हायचे. आपल्या मावळातली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. जळणाला लाकूड नाही, म्हणून दलदलीतली पीट नावाची काळी माती विटांसारखी कापतात, रचून वाळवतात आणि ती गोवऱ्यांसारखी जाळतात.

इथल्या शेतकऱ्याला क्रॉफ्टर म्हणतात. क्रॉफ्ट म्हणजे घराजवळचा जमिनीचा लहान तुकडा, आणि डोंगरावर सगळ्या गावाचे मिळून गायरान. तुकड्यावर बटाटा, ओट, वैरण. खताला किनाऱ्यावरचे शेवाळ. खरे उत्पन्न गुरांचे. तिकडची गुरे बुटकी, लांब शिंगांची आणि डोळ्यांवर येणाऱ्या तांबूस केसांची. पूर्वी ही गुरे विकायला नेताना बेटावरून पलीकडे पोहवत नेत. एकीच्या जबड्याला बांधलेला दोर पुढच्या गुराच्या शेपटीला, अशी माळ करून होडीमागून ओढत. मग पायी दक्षिणेला फॉल्कर्कच्या बाजारापर्यंत. आपल्याकडच्या खिल्लारांच्या बाजाराला चालत जाणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांनी डोळे मिटून हे चित्र पाहावे.

आता गायरानाचे भांडण. १७४५ चे बंड मोडल्यावर सरदारांचे अधिकार गेले. तलवारीची माणसे नकोशी झाली, खंडाचा पैसा हवासा झाला. दक्षिणेकडचे मेंढीवाले जास्त खंड देत. मग दऱ्याखोऱ्यांतली कुळे उठवून किनाऱ्याच्या खडकाळ पट्टीवर बसवली, आणि हजारो माणसे जहाजांत भरून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. सगळेच सरदार सारखे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. याच बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्याचा मॅक्लाउड सरदार बटाट्याच्या दुष्काळात आपल्या लोकांना जगवता जगवता भिकेला लागला आणि लंडनला नोकरीला गेला. त्या घराण्याचा वास आठशे वर्षे त्या किल्ल्यात आहे. किल्ला पाहाल तेव्हा त्या सरदाराची आठवण ठेवा.

पोर्ट्री गावाच्या दक्षिणेला ब्रेज नावाच्या वाड्या आहेत. तिथल्या क्रॉफ्टरांचे बेन ली डोंगरावरचे गायरान मालकाने काढून घेतले होते. १८८२ साली त्यांनी ते परत मागितले आणि मिळेपर्यंत खंड देणार नाही म्हणून सांगितले. घर सोडण्याच्या नोटिसा घेऊन कारकून आला, तर लोकांनी त्याच्याच हाताने त्या जाळायला लावल्या. मग ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आले. पाच जणांना धरले. परतीच्या वाटेवर अरुंद जागी गावातल्या बायाबाप्यांनी त्यांना गाठले आणि दगडांचा मारा केला. बायका पुढे होत्या. काहींची डोकी फुटली. पोलिसांनी माणसे नेली, दंड झाला, पण वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला आणि सरकारला चौकशी नेमावी लागली.

चौकशीचा प्रमुख कोण, तर लॉर्ड नेपियर. हा १८६६ ते १८७२ मद्रासचा गव्हर्नर होता. १८७२ साली काही काळ हिंदुस्थानचा हंगामी व्हाइसरॉयही होता. १८८३ मध्ये तो गावोगाव फिरला, क्रॉफ्टरांच्या तोंडून गाऱ्हाणी ऐकली आणि उतरवून घेतली. १८८६ साली कायदा झाला. खंड देणाऱ्या क्रॉफ्टरला उठवायचे नाही, खंड वाजवी ठरवायचा, त्याने जमिनीत केलेल्या सुधारणेचा मोबदला द्यायचा आणि कसण्याचा हक्क वारसाला मिळायचा. १९७६ च्या कायद्याने जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. आज स्कॉटलंडात वीस हजारांहून अधिक क्रॉफ्ट आहेत.

वाचकहो, १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, गहाणखते जाळली, चौकशी बसली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. अवघ्या सात वर्षांनी, त्याच राणीच्या राज्यात, गोऱ्या शेतकऱ्यांनीही कागद जाळले. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कुळे जमिनीची मालक ठरली, तो दिवस तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल किंवा त्यांच्या वडिलांकडून ऐकला असेल. कसणाऱ्याच्या मनातली बात दोन्हीकडे एकच.

पडलेले गड, उभे केलेले गड

पुलावरून मुख्य भूमीवर आलात की थोड्याच अंतरावर आयलन डोनन. तीन खाड्या जिथे मिळतात तिथे एका लहानशा बेटावर उभा असलेला हा गड चित्रासारखा दिसतो. तेराव्या शतकातला. १७१९ साली बंडखोरांनी तिथे स्पॅनिश शिपाई ठेवले होते, म्हणून सरकारी जहाजांनी तोफा डागून तो उडवला. दोनशे वर्षे ढिगारा होऊन पडला होता. १९११ साली मॅकरे भावकीच्या एका माणसाने बेट विकत घेतले आणि वीस वर्षे खपून १९३२ पर्यंत गड पुन्हा बांधला.

पुढे नेस सरोवराच्या काठी अर्कर्टचा किल्ला. तो शत्रूच्या हाती लागू नये म्हणून १६९२ साली सरकारी फौजेनेच सुरुंग लावून उडवला. तो मात्र पडका आहे तसाच जपला आहे. आपल्याकडेही १८१८ साली इंग्रजांनी रायगड तोफांनी भाजला आणि कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. काही गड बांधून उभे करायचे, काही पडके आहेत तसे राखायचे, दोन्ही वाटा तिकडे दिसतात. दोन्ही ठिकाणी दगड कोणी काढून नेत नाही आणि भिंतीवर नाव कोणी कोरत नाही. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा ही शिस्त आपल्यालाही लावून घ्यावी लागेल.

शेवटचा मुक्काम इन्व्हर्नेस, आणि तिथून जवळ कलोडनचा माळ. १६ एप्रिल १७४६ रोजी इथे राजपुत्र चार्ल्सची भुकेली, थकलेली फौज एका तासाच्या आत मारली गेली. भावकीच्या नावाने मातीचे उंचवटे आहेत आणि त्यांवर दगड. लोक तिथे हळू आवाजात बोलतात. आपल्या घरांत पानिपताचे नाव निघाले की जसे होते, तसेच. अल्वाच्या बिनछपराच्या भिंती, ब्रेजचे गायरान, समुद्रापार गेलेली जहाजे, या सगळ्याची सुरुवात या माळावर झाली.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी शिकायला तिकडे असेल, आणि तुमचे जाणे झाले, तर एवढे करा. तिथे कोणालाही माळावरून, डोंगरावरून पायी जायचा कायदेशीर हक्क आहे, पण पीक तुडवायचे नाही, आणि उघडलेले फाटक लावून घ्यायचे. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मोठ्या किल्ल्यांत दिवस घालवाच, पण एखादा दिवस राखून अल्वाला किंवा ब्रेजला जा. पडक्या घराच्या उंबऱ्यात उभे राहा. समोर बटाट्याच्या वाफ्यांचे वरंबे गवताखाली अजून ओळखू येतात. ते कोणी ओढले होते, हे तिथल्या लोकांनी विसरायचे नाकारले, म्हणूनच ते बेट आज पुन्हा त्यांचे झाले आहे.